जांभळाचा डाग

जूनमधल्या एका मंगळवारी दादाने बागवानाला काठीने मारलं. मी मध्ये पडलो. दादाने मला उचललं आणि आपटलं. त्याच्या पायात चपला नव्हत्या. त्याच्या पायात काटा गेला आणि तो गेल्याचं त्याला कळलं नाही. ऑगस्ट संपायच्या आत दादा वारला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जामखेडहून खर्ड्याकडे जाताना डाव्या हाताला आमची वस्ती लागते. तिथे तो, वहिनी आणि मी अशी तिघं राहत होतो. त्यांना मूल नव्हतं आणि मी लग्न केलं नव्हतं. मी जामखेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गावात मला मास्तर म्हणतात, कारण पुस्तकांपाशी बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं हे कुणाला सुचलेलं नाही. दादा मला बारक्या म्हणायचा. मी पन्नाशी ओलांडली तरी म्हणायचा.

तो पैलवान होता. सोळाव्या वर्षी तालमीत गेला आणि पस्तिशीपर्यंत जत्राजत्रांतून कुस्त्या खेळला. पुढे तालीम सुटली, पण तालमीतलं खाणं सुटलं नाही आणि तालमीतला हातही सुटला नाही. रागावला की त्याचा हात आधी यायचा, शब्द मागून. एकदा विहिरीवरची मोटार चालू होईना म्हणून त्याने स्टार्टरच्या पेटीला बुक्की घातली. पेटी चेपली आणि मोटार चालू झाली. तेव्हापासून त्याचा त्या उपायावर विश्वास बसला. मारका बैल, अडलेलं दार, उलट बोलणारा माणूस, सगळ्यांना त्याच्याकडे तोच एक उपाय होता. लहानपणी त्याने मला पुष्कळ मारलं. मला मारणाऱ्या पोरांना त्याने त्याहून जास्त मारलं. हे दोन्ही मी विसरलेलो नाही.

त्याला मधुमेह असल्याचं आधी वहिनीला कळलं. तो लघवीला बसायचा त्या बांधाकडच्या जागेला मुंग्या लागायला लागल्या. मग तहान सुरू झाली. जेवताना तो तांब्यामागून तांब्या रिचवायचा. जामखेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोळ्या दिल्या. सकाळी एक, रात्री एक. तो त्या घ्यायचा, पण अपमान गिळल्यासारखा घ्यायचा.

"चार-चार पैलवान उलथे पाडले म्या," तो म्हणायचा, "आन् आता ह्या हरभऱ्याएवढ्या गोळीच्या पाया पडायचं."

"पाया नका पडू, गिळा," वहिनी म्हणायची.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, तिला आम्ही हसलो. चालता चालता दादाची चप्पल पायातून निसटायची आणि तो तसाच पुढे यायचा. वहिनी मागून चप्पल उचलून आणायची आणि म्हणायची, "आवो, पाय तरी आनलाय का घरी?" एप्रिलच्या दुपारी तो विहिरीच्या कातळावर अनवाणी उभा राहायचा. त्या कातळावर कुत्रंही पाय ठेवत नसे. आम्हाला ते पैलवानाचं अंग वाटायचं.

एका संध्याकाळी दादाने मला विचारलं, "बारक्या, तुज्या त्या पुस्तकांत शुगरवर काय हाय का? गोळी सोडून."

त्याने माझ्या पुस्तकांबद्दल काही विचारण्याची ती पहिली वेळ होती. मी चार दिवस शोधलं. आमच्या ग्रंथालयात आरोग्यावरची दोन मासिकं येतात. त्यांतल्या एका अंकात लहान, गडद रंगाच्या फळांवर एक लेख होता. जांभूळ, करवंद, तुती, फालसा, आणि परदेशात मिळणारी तसलीच फळं. त्यात लिहिलं होतं की या फळांना रंग देणारी जी द्रव्यं असतात, ती आणि फळांतला चोथा यांमुळे मोठ्या माणसांच्या रक्तातली साखर जेवणानंतर जरा सावकाश चढत असावी. शरीरातलं इन्सुलिन थोडं बरं काम करत असावं. रक्तदाब आणि चरबी यांनाही काही फायदा होत असावा. हे पहिल्या पानावर होतं. पानावर जांभळाच्या घोसाचं चित्र होतं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की हे अभ्यास थोड्या माणसांवर आणि थोड्या दिवसांपुरते झालेले आहेत, फायदा बेताचा आहे, फळातही साखर असते आणि फळ हे औषधाच्या जागी घ्यायचं नाही. शेवटी एका चौकटीत मधुमेही माणसाने रोज करायच्या गोष्टी दिल्या होत्या. त्यांत पहिलीच होती: पाय पाहा.

मी दोन्ही पानं वाचली होती. झेरॉक्स पहिल्या पानाचीच काढली. दादा दोन पानं ऐकणार नाही असं मला वाटलं. शाळा अर्ध्यात सोडलेल्या भावासाठी एक पान पुरे, असं मी ठरवलं.

पत्र्याच्या शेडखाली बाजेवर बसून मी ते वाचून दाखवलं. दादा मांडीवर हात ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद माझ्या हातातून घेतला, चित्र पाहिलं आणि विहिरीकडे बोट केलं.

"हे तर आपल्यात हाय की!"

विहिरीशेजारी आमचं जांभळाचं झाड आहे. वडिलांनी लावलेलं. त्याची जांभळं मोठी, बी बारीक. पण आमच्याकडे जांभळाचं झाड मोहोरावर आलं की बागवानाला देतात. होळीच्या सुमारास बागवान येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, वर बघतो, शब्द ठरतो आणि त्याच्याकडून विसार घेतला की हंगाम सरेपर्यंत फळ त्याचं. मालक खाली पडलेलं जांभूळ उचलून तोंडात टाकील, पण फांदीला हात लावणार नाही. पोरं चढू नयेत म्हणून बागवान बुंध्याला बाभळीच्या काटेरी फांद्या बांधतो. ती काटी बांधली की झाड दिलं, हे आल्यागेल्याला कळतं. आमचं झाड त्या वर्षीही होळीला दिलेलं होतं. बागवान जामखेडचाच होता. दादाच्याच तालमीतला, दादाच्याच वयाचा. वीस वर्षं तोच झाड घेत होता.

"दिलेलं माघारी घेऊ," दादा म्हणाला.

"दिलेलं झाड माघारी घेत्यात व्हय?" वहिनी चुलीपासून म्हणाली. "लोक तोंडात शेन घालतील."

"घालू दे. शुगर माजी हाय का लोकांची?"

मी म्हणालो, "दादा, पाटीभर मागू आपण. तेवढी तो देईल."

"पाटीभरानं काय हुतंय? तूच वाचलंस न्हवं?"

मी कागदाकडे पाहिलं. कागद त्याच्या हातात होता.

मंगळवारी सकाळी बागवान एकटाच आला होता. बांबूची शिडी लावून त्याने खालच्या फांद्या उतरवल्या होत्या. झाडाखाली जांभळांचा सडा पडला होता आणि माश्या घोंघावत होत्या. दादा काठी घेऊन निघाला तसा मीही मागे निघालो, पण मी हळू चालतो. मी पोचेपर्यंत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"या पैलवान! आज पहाटंपहाटं?"

"झाड माजं हाय."

"हाय की. झाड तुमचं, माल माजा. होळीला बोललो न्हाई का?"

"ह्या वर्षी द्यायचं न्हाई."

"का वो? कुनी दुसरं गाठलं का?"

"मला खायाचीत."

बागवान शिडीवरून उतरला आणि हसला. "मग खावा की! ही घ्या पाटी. पाहिजे तर रोज एक घेऊन जावा. सगळं झाड थोडंच खानारंय?"

"समदं खानार."

"समदं?" बागवान मोठ्याने हसला. "वाघ्या घोड्याला बी एवढी जात न्हाईत!"

वाघ्या घोडा हे त्यांच्या तालमीतल्या एका खादाड पैलवानाचं टोपणनाव होतं. एरवी दादा हसला असता. पण त्याने चपला काढल्या. दोन्ही नीट शेजारी शेजारी काढल्या, आखाड्यात उतरताना काढायचा तशा. बुंध्याची काटी त्याने पायाने लाथाडून मोकळी केली आणि तो बागवानावर गेला.

पहिली काठी खांद्यावर बसली. दुसरी कानावर. बागवान तोंडावर जांभळांत पडला. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा आणि सदरा जांभळा झाला होता आणि त्यातलं रक्त कुठलं, रस कुठला, हे मला कळेना. दादाने तिसऱ्यांदा काठी उगारली. मी ती मागून धरली. दादा वळला. त्याने मला ओळखलं असं मला वाटत नाही. त्याने माझ्या काखेत हात घातला, मला पाठीवर घेतलं आणि कुस्तीत ढाक मारतात तसं जमिनीवर फेकलं. माझ्या तोंडात माती गेली. बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. दादा माझ्या अंगावर वाकून उभा होता आणि त्याची छाती भात्यासारखी हलत होती.

तेव्हा बागवान कान धरून बसल्या बसल्या म्हणाला, "पैलवान, पायात काटा हाय तुमच्या."

दादाने पाय उचलून बघितला. बाभळीचा काटा. बोटभर लांब, पांढरा. करंगळीच्या मुळाशी शिरलेला. दादाने तो ओढला. अर्धा हातात आला. तो त्याने माझ्यापुढे धरला आणि फेकून दिला.

"लागला बी न्हाई," तो म्हणाला. त्या आवाजात अभिमान होता.

बागवान माझ्याकडे बघत राहिला. "हे बरं न्हाई मास्तर," तो म्हणाला. "पायाला कळाया पायजे."

मग तो शिडी खांद्यावर टाकून निघून गेला. पाटी त्याने तिथेच ठेवली.

गावातल्या दोघाचौघांनी या मारामारीला भलताच, धर्माचा रंग द्यायचा प्रयत्न केला. ते बागवानाकडे गेले आणि आमच्याकडेही आले. बागवानाने त्यांना सांगितलं, "आमची दोघांची कुस्ती हाय. तिसऱ्यानं आखाड्यात उतरायचं न्हाई." त्याने फिर्याद दिली नाही. त्या दिवसापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जांभळाशिवाय काही नव्हतं. दादा रोज सकाळी झाड झोडपायचा. जांभळाची फांदी कडाकडा मोडते, तिला लवचीकपणा नसतो. फळांबरोबर डहाळ्या तुटून पडायच्या आणि तो त्या तुडवत फिरायचा. अनवाणीच. चपला त्याला नकोशा झाल्या होत्या. सकाळी पाटीभर जांभळं, दुपारी पाटीभर, रात्री भाकरीच्या जागी जांभळं. वहिनी बिया वाळवायची, पाट्यावर वाटायची आणि त्याची पूड तो चमच्या-चमच्याने खायचा. त्याची जीभ, दात, नखं जांभळी झाली. भिंतींवर हातांचे ठसे उमटले. खाली पडून सडलेल्या फळांचा आंबूस वास सगळ्या वस्तीवर पसरला. दारूच्या भट्टीसारखा. त्या वासाची आम्हाला सवय झाली. ही सवय पुढे नडली.

मग तपासणीचा दिवस आला. दादा तपासणीला जाताना काय करायचा ते मला माहीत होतं. पाहुणा यायच्या आधी घर झाडून घ्यावं तसं तो दोन दिवस आधी खाणं बंद करायचा. भाकरी नाही, भात नाही, चहा नाही. या वेळी त्याने पाणी आणि गोळी सोडून तोंडात काही घेतलं नाही. अर्थात उपाशीपोटीचा आकडा बरा आला. डॉक्टरांनी मान हलवली आणि जेवणानंतरचंही रक्त द्यायला सांगितलं. ते न देता तो घरी आला. रिपोर्टचा कागद त्याने माझ्या दुखऱ्या छातीवर आपटला.

"वाच! वाच मास्तर! तुज्या कागदानं केलं ते डॉक्टरला जमलं न्हाई!"

त्याने मला मास्तर म्हटलं. आयुष्यात एकदाच म्हटलं. मला आनंद झाला. बरगडी दुखत असताना मला आनंद झाला.

त्याच दुपारी त्याने गोळ्यांची पाकिटं विहिरीत फेकली. चांदीच्या रंगाची ती पाकिटं पाण्यावर बराच वेळ तरंगत होती. मी कठड्याशी उभा राहून पाहिलं. दोन दिवस उपाशी राहून आलेला आकडा खरा नसतो, हे मला माहीत होतं. गोळी चालू असताना आलेल्या आकड्याचं श्रेय जांभळाला देता येत नाही, हेही कळायला फार शिकावं लागत नाही. मी बोललो नाही. बोललो असतो तर त्याने मला पुन्हा आपटलं असतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला मास्तर म्हटलेलं मोडायचं नव्हतं.

दादाचे पाय घोट्यापर्यंत जांभळे झाले होते. आषाढीच्या आदल्या दिवशी वहिनीने त्याला न्हाणीत बसवलं आणि ती पाय घासायला लागली. आधी लिंबाच्या फोडीने, मग वज्रीने. मी बाहेर पेपर वाचत होतो. मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाकीचं निघालं. ही करंगळी न्हाई निघत बघा."

"घास जोरात."

"दुखंल की."

"मला? घास तू."

ती घासत राहिली. वज्रीचा खरखर आवाज येत होता. मग तो थांबला. वहिनीने हाक मारली नाही, ती ओरडली. मी आत गेलो. वज्रीला कातडं चिकटलं होतं. दादाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आतून काळं, आणि जिथे कातडं निघालं होतं तिथून पू येत होता. आता वासही कळला. तो आंबलेल्या जांभळांचा नव्हता. किती दिवस त्या वासात आम्ही जेवत होतो, कोण जाणे.

दादा पायाकडे बघत होता, दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसा.

"डाग न्हाई का हा?" त्याने विचारलं.

आम्ही त्याला जीपमध्ये घालून नगरला नेलं. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने जखम पाहिली. मग तिने खिशातून नायलॉनचा बारीक धागा लावलेली एक काडी काढली आणि दादाला म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी तळपायाला टोचेन. कळलं की हो म्हणा."

दादाने डोळे मिटले. तिने अंगठ्याला टोचलं. टाचेला टोचलं. चवड्याला तीन ठिकाणी टोचलं. मग दुसऱ्या पायाला. मी मोजत होतो. दादा डोळे मिटून, मान ताठ ठेवून वाट बघत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, सुरू करा की आता."

तिने काडी खिशात ठेवली.

आधी दोन बोटं काढली. चार दिवसांनी घोट्याच्या वर कापावं लागलं. शुद्धीवर आल्यावर दादाने चादर फेकली, पाहिलं आणि सलाईनचा खांब उपटून भिंतीवर मारला. बाटली फुटली. वॉर्डबॉय धावले. त्यांतल्या एकाच्या गळ्यात त्याने हात आवळला. चौघांनी मिळून त्याला पलंगाला बांधलं. शेजारच्या पलंगावरची म्हातारी भिंतीकडे तोंड करून रडत होती. बांधलेला दादा अंग इतक्या जोराने झटकत होता की लोखंडी पलंग फरशीवरून सरकत होता. पट्ट्यांखाली त्याच्या मनगटाची साल निघाली. ते मात्र त्याला दुखत होतं. हाताला अजून कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. गोळ्या बंद केल्या होत्या का, विचारलं. मी सगळं सांगितलं, कागदासकट. त्या चिडतील असं वाटलं होतं, पण त्या थकलेल्या होत्या.

"जांभूळ चांगलंच आहे हो," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पेशंटना सांगते, बिस्किटं खाण्यापेक्षा मूठभर जांभळं खा. जेवणाबरोबर खाल्लं तर बरंच. पण ते ताटातलं काम करतं. गोळीचं काम गोळीने करायचं. आणि पाटीभर खाल्लं तर ती पाटीभर साखरच झाली ना?"

"असं त्या लेखात होतं," मी म्हणालो.

"मग?"



दुसऱ्या दिवशी दादा शांत होता. पट्टे सोडले होते. ताप चढत होता. त्याने मला जवळ बसायला खुणावलं.

"बारक्या, तू वाचलं त्यात हे हुतं का? पायाचं?"

"होतं," मी म्हणालो. "दुसऱ्या पानावर होतं. मी ते आणलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात उचलला आणि माझ्या तोंडात मारली. लहानपणापासून त्याच्या हाताचं वजन मला माहीत होतं. त्या हाताने माझा एक दात पाडलेला आहे. त्या दिवशी तो हात माझ्या गालावर आला आणि तिथेच टेकून राहिला. त्यात काही जोर नव्हता. त्याच्या हाताने मला लागलं नाही, असं आयुष्यात एकदाच झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते पायासाठी नसावं. मारता आलं नाही म्हणून असावं, असं मला वाटतं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी विष रक्तात भिनून तो गेला.

तेराव्यानंतर सगळे पाहुणे परतले त्या दुपारी मी कुऱ्हाड घेतली आणि विहिरीवर गेलो. मी कधी झाड तोडलेलं नाही. पहिला घाव निसटून दगडावर बसला आणि ठिणगी उडाली. मग घाव बसायला लागले. लाकडाच्या चिपा तोंडावर उडत होत्या. मी काहीतरी ओरडत होतो. काय ते मला आठवत नाही. वहिनी घरातून बघत होती, तिने मला थांबवलं नाही. सात घाव बसले. आठव्याला कुणीतरी मागून माझं मनगट धरलं. जुन्या पैलवानाची पकड होती. मला क्षणभर दादा वाटला.

बागवान होता. दुखवट्याला आला होता. मी धडपडलो, त्याला कोपर मारलं, त्याच्या पायावर लाथ मारली. त्याने मारू दिलं. मी दमल्यावर त्याने कुऱ्हाड काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"झाडानं काय केलंय, मास्तर?" तो म्हणाला. उजवा कान माझ्याकडे वळवून तो उत्तराची वाट बघत होता. 

मग तो खाली बसला, चपला काढल्या आणि त्याने तळपाय मला दाखवले. स्वच्छ, तेल लावलेले, टाचांना भेग नाही.

"मला शुगर हाय," तो म्हणाला. "धा वर्सं झाली. जांभळाच्या दिवसांत रोज मूठभर खातो, गोळी बी खातो. बायको रोज पाय बघती. काट्यातलं काम हाय आमचं, बघावंच लागतं. म्हनून पैलवान समदं झाड खानार म्हनले तवाच मला शुगरचा संशय आला, पाय बघून खातरी पटली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. "हसलास तू त्याला!"

"सांगनार हुतो," बागवान म्हणाला. "पाटी देऊन, बसवून, सांगनार हुतो. पर काठी आधी आली."

 वहिनी आली आणि तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो पाणी प्यायला. निघताना वहिनी त्याला म्हणाली, "होळीला या. झाड तुमचंच हाय."

त्या हिवाळ्यात मी रक्त तपासून घेतलं. मलाही मधुमेह निघाला. मी मासिकाचा तो अंक काढला, दोन्ही पानांची झेरॉक्स काढली आणि वहिनीला पूर्ण वाचून दाखवली. चौकटीपाशी तिने मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

झाड उभं आहे. बुंध्यावर सात खाचा आहेत. त्यांच्या कडा आता भरून येताहेत. बागवान होळीला येतो, झाडाभोवती फेरी मारतो. बुंध्याला काटी बांधत नाही, जाळी बांधतो. जूनमध्ये रोज एक ओंजळ आमच्या दारात ठेवून जातो. मी त्यातली मूठभर जेवणाबरोबर खातो आणि जेवण झालं की गोळी घेतो. वहिनी जांभूळ खात नाही. दादाच्या चपला दाराशी आहेत. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की वहिनी मला पाय पुढे करायला सांगते, मोबाईलच्या उजेडात एकेक बोट बाजूला करून बघते. तिचं बघून झालं की मी पाय मागे घेतो.